पेशंटबरोबर कोण आहे?

भोसे गाव सोडल्यावर मी एसटी पेट्रोल पंपाच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि कुणाकडे न बघता पंपामागच्या संडासाकडे चालत गेलो. पळायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. खाकीतला ड्रायव्हर पळायला लागला की प्रवासी घाबरतात. गाडीनं पेट घेतला की काय म्हणून पोरंबाळं खिडकीतून खाली सोडायला लागतात.

परत आलो तर गाडीत माझ्या पोटावर सभा भरलेली.

माझी थोरली बहीण, आक्का, माझ्या सीटमागच्या पहिल्याच बाकावर बसली होती आणि मागे तोंड करून सगळ्या गाडीला माहिती पुरवत होती.

"आधी नव्हतं हो त्याला असलं काही. दगड पचवायचा. बायको गेली आणि हे मागे लागलं."

"काय झालं होतं बायकोला?" तिसऱ्या बाकावरच्या बाईनं विचारलं.

"आतड्याचा कॅन्सर. तिचं पण पोटापासूनच सुरू झालं. नुसतं गॅस, गॅस म्हणत होती."

"आई गं. आणि आता ह्यांना?"

"तेच बघायचंय."

एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, बेलाचा मुरंबा द्या. दुसऱ्यानं ओवा सांगितला, भाजून, काळ्या मिठाबरोबर. एक बाई उठून थेट माझ्या केबिनपर्यंत आली आणि माझ्या पोटाकडे बोट करून म्हणाली, "बेंबी सरकलीय. आमच्या गावात एक म्हातारी हाय. सकाळी उपाशीपोटी अंगठ्यानं बसवती. एका मिनिटात."

आमचा कंडक्टर शब्बीर मुल्ला दारात उभा होता. तो म्हणाला, "पायलट, घंटा मारू का अजून कुणाचा सल्ला यायचाय?"

"मार," मी म्हणालो. मग आक्काला म्हणालो, "तुला घरी बस म्हणून सांगितलं होतं."

"मी माझी माझी चाललेय मिरजेला."

"कशाला?"

"सहज."

मिरजेला सहज कुणी जात नाही. ते दवाखान्यांचं गाव. पण मागे गाडीभर माणसं कान देऊन बसलेली, मी गप्प गाडी सुरू केली.

त्रिशला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. माझी बायको. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. पोट दुखतं म्हणाली की गावात गोळ्या मिळायच्या, गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटायचं. मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा फार उशीर झालेला होता. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती गेली आणि घरात मी एकटा राहिलो. मी डबल ड्युट्या घ्यायला लागलो. स्टिअरिंग हातात असलं की बरं असायचं.

दिवसकार्याला आक्का आली ती परत गेलीच नाही. जयसिंगपूरला तिचं घर होतं, मुलगा-सून होती. ती म्हणाली, त्यांचं ते बघतील, तुझं कोण बघणार. आक्काचे यजमान फार पूर्वी गेलेले. तिनं माझ्या घराचा ताबा घेतला. त्रिशलाचे डबे जिथे असायचे तिथून हलवले. पिठाचा डबा खाली, चहाचा वर. मला चहा सापडायचा नाही आणि त्यावरून रोज सकाळी भांडण.

मग माझं पोट सुरू झालं. म्हणजे आधीही थोडं असायचं, ड्रायव्हरची जेवणं कुठली वेळेवर. पण आता ते नेमानं व्हायला लागलं. पोट फुगायचं, कळ यायची, असं वाटायचं की आत्ताच्या आत्ता जायला पाहिजे. जाऊन आलो की एकदम हलकं. कधी चार दिवस जुलाब, कधी तीन दिवस काहीच नाही. घरी असलो तर तेवढं नाही, ड्युटीवर जास्त. आणि ड्युटीवरही एक गोष्ट मला माहीत होती जी मी कुणाला सांगितली नव्हती. जतला घराकडे येताना मला काही होत नसे. मिरजेकडे जातानाच व्हायचं.

आक्काला एवढं कळलं की माझं पोट दुखतं. तिथून माझी सुटका नव्हती.

सकाळी मी संडासात असलो की ती दाराबाहेर उभी.

"झालं का?"

"आक्का, जा तू."

"कसं झालं? पातळ का घट्ट?"

"जा म्हणतोय ना."

"रक्त आहे का बघ. नीट बघ. मिसळलेलं असतं, लगेच दिसत नाही."

आमच्या संडासाचं दार पत्र्याचं, बोळ अरुंद. समोरच्या चौगुल्यांच्या घरात माझ्या पोटाचा अहवाल माझ्याआधी पोचायचा. चौगुलेकाकू भाजी निवडता निवडता विचारायच्या, "आज बरं आहे का हो, भूपाल?" आणि मी मान हलवून निघायचो.

स्टँडवर वजनाचं मशीन होतं. आक्का मला तिथे उभं करायची. काटा बघून तिचं तोंड पडायचं. "कमी कसं होत नाही?" म्हणायची.

"कमी व्हायला पाहिजे का माझं?"

"तसं नव्हे. पण कमी होतं म्हणतात त्या आजारात."

"मला तो आजार नाही."

"तुला काय माहीत? त्रिशलाला तरी कुठे माहीत होतं?"

त्रिशलाचं नाव निघालं की संपलं. मी काट्यावरून उतरून चालायला लागायचो.

रात्री झोप लागली की हिच्या हालचालीनं जाग यायची. परसातला दिवा लावायची, कडी वाजायची, पाण्याचा आवाज. पुन्हा पहाटे तेच. मी एकदा चिडून म्हणालो, "मला जाग येते का म्हणून रोज विचारतेस. तुझ्यामुळेच येते. झोपत का नाहीस?" ती म्हणाली, "म्हातारपणी झोप कमीच."

ती काही म्हातारी नव्हती. पण दिसायला लागली होती. तिनं एकाशन धरलेलं होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. शिवाय अष्टमी-चतुर्दशीला तेही नाही. आमच्या जैनांत बायका उपास करतात तशी ती पहिल्यापासून करायची, पण त्रिशला गेल्यावर तिनं ते फार वाढवलं. हाडं वर आली. मंदिरात बायका तिच्या पाया पडायच्या. "रतनाक्कांनी काय तप केलंय, अंगावर दिसतं," असं म्हणायच्या. मलाही वाटायचं, उपास केला तर माणूस वाळणारच. मी एकदा म्हणालो, "जरा जेव की." ती म्हणाली, "व्रताला टोकू नये." झालं. पुढे विचारायची सोय राहिली नाही.

पेट्रोल पंपावरच्या त्या सभेनंतर चार दिवसांत डेपोतून बोलावणं आलं. कुणा प्रवाशानं लिहून दिलं होतं की जत-मिरज गाडीच्या ड्रायव्हरला कॅन्सर आहे, गाडी मध्येच थांबवतो, आमच्या जिवाला धोका आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मगदूम, मोठ्या डॉक्टरचा दाखला आणा. तोपर्यंत घरी बसा."

मी घरी आलो आणि आक्कावर तोंडसुख घेतलं. माझ्या पोटाची दवंडी पिटलीस, आता बस माझ्याकडे बघत. ती ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे आता जावंच लागणार डॉक्टरकडे."

तिला आनंद झाला होता. मी बघितलं. डोळ्यांना दिसेल असा आनंद झाला होता.

"मी येणार बरोबर," ती म्हणाली.

"काही गरज नाही."

"पेशंटबरोबर माणूस लागतं."

मिरजेला डॉक्टर सदलग्यांकडे जायचं शब्बीरनं सुचवलं. पोटाचे डॉक्टर, त्याच्या सासऱ्याला गुण आलेला. आम्ही दोघं प्रवासी म्हणून गाडीत बसलो, शब्बीरनं मुद्दाम ओरडून विचारलं, "पायलट, पंपावर थांबवायची का?" आणि नवा ड्रायव्हर हसला. पण खरंच भोसे गेल्यावर पोटात पीळ बसायला लागला. मी खिडकीची दांडी धरून बसलो.

वाटेत आक्का मला पढवत होती. "डॉक्टर विचारतील ते सगळं सांगायचं. लाजायचं नाही. आणि तुला बाहेर बस म्हणाले तर बसायचं. हुज्जत घालायची नाही."

"पेशंट मी आणि बाहेर पण मीच बसू?"

"तसंच असतं. बरोबरच्या माणसाला सांगतात."

दवाखान्यात माणसं बाकांवर, पायऱ्यांवर, खाली फरशीवर. एक नर्स दारातून डोकं काढून हाक मारायची. आमची वेळ आली.

"मगदूम. पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी," आक्का म्हणाली. मी उठायच्या आत ती दारात होती.

डॉक्टर सदलगे जाड, टक्कल पडलेले, सकाळपासून बोलून घसा बसलेला माणूस. त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि आक्काला स्टूल.

"काय त्रास?"

"पोट दुखतं, फुगतं. जावं लागतं," मी म्हणालो.

"जाऊन आल्यावर?"

"थांबतं. एकदम बरं वाटतं."

"झोपेत दुखून जाग येते?"

"नाही."

"येते," आक्का म्हणाली. "रात्रीतून दोनदा, तीनदा. पहाटे जास्त."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आक्काकडे. "मला कधी दुखून जाग येते? मी घोरतो म्हणून तू चौगुलेकाकूंकडे तक्रार करतेस."

"रक्त पडतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"पडतं," आक्का म्हणाली. "तो लाजतो सांगायला. लाल नाही अगदी, काळपट. मिसळलेलं. रोज नाही, पण आठवड्यात चारदा तरी."

"आक्का, माझं मला माहीत का तुला?"

"तू बघत नाहीस नीट."

"आणि तू बघतेस?"

डॉक्टर हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी विचारलं, "वजन?"

"उतरलंय," आक्का म्हणाली. "कपडे ढगळ झालेत."

माझा शर्ट पोटावर ताणलेला होता, वरचं बटण लागत नव्हतं. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. डेपोच्या मागच्या तपासणीपेक्षा वजन वाढलेलं निघालं. मग टेबलावर झोपवून पोट दाबलं, इथे दुखतं का, तिथे दुखतं का. रक्त काढायला नर्सला सांगितलं. मग खुर्चीत बसवून परत विचारायला लागले. जेवण कधी, चहा किती, झोप किती. दुखणं कुठल्या वेळी जास्त. मी सांगत होतो, गाडीवर असताना, भोसे सोडलं की. ते म्हणाले, "जतला जाताना पण असंच?"

"नाही."

"मिरजेकडे येतानाच?"

"हो."

"मिरजेत काय आहे?"

मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. मग सांगून टाकलं. "स्टँडच्या आधी चौक लागतो. तिथल्या हॉस्पिटलात माझी बायको गेली."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग सरळ बोलले, औषध सांगावं तसं. "तुमचं आतडं सडलेलं नाही, मगदूम. चिडकं झालंय. ह्याला आम्ही आयबीएस म्हणतो. दुखतं ते खरंच दुखतं, मनाचे खेळ नव्हेत. काळजीनं, दुःखानं, जेवणाच्या वेळा चुकल्यानं ते जास्त चिडतं. त्यानं माणूस मरत नाही आणि त्याचा पुढे कॅन्सर होत नाही. रक्ताचा रिपोर्ट बघू, पण मला तुमच्यात दुसरं काही वाटत नाही. चहा कमी करा, वेळेवर जेवा, एक गोळी देतो. गाडी चालवायला हरकत नाही. दाखला देतो."

मला सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला. एवढं सगळं गाव डोक्यावर घेऊन शेवटी हे. मी आक्काकडे वळून म्हणालो, "ऐकलंस? झालं समाधान?"

ती माझ्याकडे बघतच नव्हती. "आणि रक्त पडत असेल तर?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"मग ते हे नव्हे."

"झोपेतून उठवत असेल तर?"

"तर तेही हे नव्हे. आयबीएस झोपलेल्या माणसाला सहसा उठवत नाही. रक्त पडतंय, खाणं कमी न करता वजन उतरतंय, चालताना दम लागतोय, किंवा पन्नाशीनंतर हे नव्यानं सुरू झालंय, ह्यातलं एकही असलं तर ओवा-बिवा करत बसायचं नाही. तपासायचं."

"आणि खाणं कमी केलेलं असलं तर? उपासाचं? तर मग वजनाचं काही नाही ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"भूपाल, तू बाहेर बस," आक्का म्हणाली. "डॉक्टरांना काय सांगायचं असेल ते मला सांगतील."

"मगदूमांबद्दल मला जे सांगायचं होतं ते त्यांना सांगून झालं," डॉक्टर म्हणाले. "मावशी, जरा इकडे सरका. डोळा दाखवा."

"मला काही झालेलं नाही. पेशंट तो आहे."

"दाखवा तर."

त्यांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. मी बाजूलाच होतो, मला दिसलं. आत जिथं लाल असतं तिथं पांढरं होतं. नखं बघितली, तीही तशीच. मग ते तिच्याशी हळू बोलायला लागले, किती महिने झाले, कुठल्या बाजूला दुखतं, आणि आक्का एकेकाचं उत्तर द्यायला लागली. न अडखळता. माझ्या नावावर इतके दिवस जे जे सांगत आली होती, ते सगळं तिनं स्वतःच्या नावावर सांगितलं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो.

डॉक्टर म्हणाले, नळी घालून आतडं बघावं लागेल, लवकर, ह्याच आठवड्यात.

बाहेर आल्यावर मला इतका संताप आला होता की मी तिला तिथेच पायऱ्यांवर धरलं. आजूबाजूला माणसं होती. मला त्याचं काही वाटलं नाही. तिनं माझं पोट चारचौघांत मांडलं होतं, आता मला कशाची लाज.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि मला सांगता येत नव्हतं?"

"तुला काय सांगायचं? कुणी शिंकलं तरी तू उठून बाहेर जातोस."

"ते सोड. माझं नाव कशाला पुढे केलंस? पत्र्याच्या दाराबाहेर उभी राहून मला रक्त बघायला लावत होतीस. लोक मला मरणारा माणूस म्हणून बघत होते. डेपोनं घरी बसवलं. तुला स्वतःला दाखवायचं होतं तर सरळ दाखवायचं. कुणी अडवलं असतं?"

"दाखवलं असतं. मग काय झालं असतं?"

"काय झालं असतं म्हणजे?"

ती पायरीवर बसली. तिला दम लागला होता, हे मला पहिल्यांदा दिसलं.

"त्रिशलाला दाखवलं तेव्हा मी होते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं. तू आणि तिचा भाऊ आणि डॉक्टर, तुम्ही व्हरांड्यात उभे. तू आत आलास आणि म्हणालास, अल्सर आहे, होईल बरा. तू बाहेर गेलास की ती मला विचारायची, आक्का, हे सगळे माझ्याशी इतकं गोड का बोलायला लागलेत? तिचा भाऊ तिच्या हातून पाणीसुद्धा घेईना, राहू दे राहू दे म्हणायचा. तिला तिच्या साड्या वाटायच्या होत्या, भूपाल. बहिणीशी अबोला होता तो मोडायचा होता. पण अल्सर झालेल्या बाईनं साड्या वाटल्या तर तुम्ही म्हणाला असता, असं अभद्र काय करतेस. म्हणून तिनं केलं नाही. तुमचं खोटं सांभाळत गेली ती."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

"मी पेशंट झाले असते तर तुला बाहेर बोलावलं असतं. नाहीतर माझ्या मुलाला. आणि तुम्ही आत येऊन मला अल्सर सांगितला असता. मला माझं ऐकायचं होतं. पेशंटला सांगत नाहीत, बरोबरच्याला सांगतात. म्हणून तुला पेशंट केला."

"फार डोकं लावलंस."

"लावावं लागतं." मग म्हणाली, "तुझं पोट दुखत होतं हे बरं झालं. नाहीतर मी काय करणार होते?"

मला हसू आलं असतं, पण आलं नाही. पोट मात्र आवळलं होतं आणि मला आत जाऊन संडास शोधावा लागला. परत आलो तर ती तशीच पायरीवर बसलेली.

"झालं का?" तिनं विचारलं.

"आक्का, आता पुरे."

तपासणीच्या आदल्या दिवशी फक्त पाणी आणि पातळ घ्यायचं, आणि पोट साफ करायचं औषध. नर्स मला समजावून सांगत होती की पेशंटला उपाशी ठेवा. आक्का म्हणाली, "उपाशी राहायचं मला शिकवू नका, पुढचं सांगा." नळी कुठून घालणार हे कळल्यावर मात्र ती घरी येऊन अडून बसली. नको म्हणाली, पुरुष डॉक्टर, नको. मी ओरडलो. चौगुलेकाकूंनी ओरडणं ऐकलं आणि त्या आत आल्या, आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसून त्यांनीच तिला समजावलं. मी समजावलं असतं तर ती गेली नसती. तिच्या मुलाला फोन करतो म्हणालो तर म्हणाली, "आधी मला कळू दे. मग मी करीन."

तपासणीच्या दिवशी मी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मुद्दाम ड्युटी घेतली नव्हती. ड्युटीवर असतो तर बरं झालं असतं असं सारखं वाटत होतं. शब्बीर गाडी स्टँडला लावून मधल्या वेळात येऊन गेला. म्हणाला, "पायलट, तुमचं पोट बरं असलं की आम्हाला करमत नाही, पंपावर थांबायची सवय झालीय." मी त्याला जा म्हणालो, तो थोडा वेळ बसला आणि गेला.

बऱ्याच वेळानं डॉक्टर सदलगे दार उघडून बाहेर आले. इकडे-तिकडे बघितलं, मी दिसलो. त्यांनी मान हलवून मला बोलावलं आणि माझ्या कोपराला धरून खिडकीशी नेलं. तो हात मला ओळखीचा होता. कोपराला असंच धरतात. आवाज असाच खाली आणतात.

"मगदूम, हे बघा..."

"आत चला," मी म्हणालो.

"आधी तुम्ही ऐकून घ्या. मग त्यांना किती सांगायचं ते ठरवू."

"मला इथे काही ऐकायचं नाही. आत चला, तिच्यासमोर सांगा."

"त्या आत्ताच शुद्धीवर आल्यात. घाबरतील."

"घाबरू देत. तिचं आहे."

माझ्या पोटात कळ आली होती. मी तिथून हललो नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सदलग्यांचा राग मला कधी आला नाही. सवय असते माणसाला. ते वळले आणि आत गेले, मी त्यांच्या मागे.

आक्का कुशीवर झोपली होती, पदर डोक्यावरून ओढून घेतलेला. डोळे उघडे होते. तिनं आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय आहे ते बघत होती. माझ्या तोंडावर काही नव्हतं, मला काही माहीतच नव्हतं.

डॉक्टर पलंगाच्या पायाशी उभे राहिले. खोकले.

"मावशी, आतड्यात गाठ आहे. डाव्या बाजूला. तुकडा तपासायला पाठवलाय, पण माझ्या अनुभवानं ती कॅन्सरचीच आहे. पसरलीय की नाही ते फोटो काढल्यावर कळेल, वरून तरी पसरल्यासारखी वाटत नाही. ऑपरेशन करावं लागेल. वेळेवर आलात असं मला वाटतं. नक्की सांगत नाही."

खोलीत दुसऱ्या पलंगावरच्या बाईनं कूस बदलली. आक्कानं डोक्यावरचा पदर मागे सारला. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला बाहेर काय सांगितलंत?"

"काही नाही. ते ऐकेनात."

"खरं?"

"खरं," मी म्हणालो. "मी पण आत्ताच ऐकलं."

तिनं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. मी पुढे झालो तर मला हातानं बाजूला सारलं, स्वतःच उठून भिंतीला टेकली, पदर नीट केला. मग स्टुलाकडे बघून डॉक्टरांना म्हणाली, "उभ्या उभ्या काय सांगताय. बसा. आणि आता पहिल्यापासून सांगा."